जुना गिफ्ट पेपर परत वापरता का? कोणाकडे चालतो, कोणाकडे नाही? आपापले किस्से सांगा

रामबागवाली

मागच्या रविवारी आमच्या घरातल्या सगळ्यात छोट्या मेंबरचा पहिला वाढदिवस झाला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या लेकीचा. हॉल वगैरे काही नाही, घरीच गच्चीवर, चाळीस-पंचेचाळीस माणसं, पावभाजी आणि घरचं श्रीखंड. पाहुणे गेले आणि मुलं गिफ्टांवर तुटून पडणार तेवढ्यात सासूबाई (वय ८१) दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन सतरंजीवर येऊन बसल्या. कोणी हात लावायचा नाही, मी उघडते. आणि मग एकेक टेप अशी कापली की जसे टाके काढताहेत. दीड तास! मुलं झोपून गेली, जिचा वाढदिवस ती तर केव्हाची झोपली होती. जाऊबाई पुण्याची आहे, ती म्हणाली, आई फाडा ना सरळ, दहा-वीस रुपयांत ताव मिळतो. तर सासूबाई मान वर न करता म्हणाल्या, "मिळू दे की. हा मिळालेलाच आहे."

सगळे कागद हाताने सारखे करून दिवाणाच्या गादीखाली गेले, तिथे त्यांची आपोआप इस्त्री होते. इथपर्यंत ठीक, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. पण गुरुवारी जावेच्या भाच्याच्या मुंजीचं गिफ्ट बांधायचं होतं, पुण्याला न्यायला, आणि सासूबाईंनी गादीखालून त्यातलाच एक मोरपंखी कागद काढला. जाऊ काही बोलली नाही, पण स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज वाढला.

मला दोघींचंही पटतंय, हाच माझा प्रॉब्लेम आहे. म्हणून विचारते, तुमच्याकडे काय पद्धत? घरात चालतं आणि व्याह्यांकडे चालत नाही, असं काही असतं का? आणि कधी पकडले गेलात का? खरं खरं सांगा, नावं कोणाची घेऊ नका.

पोहेजलेबी

आमच्याकडे कागद नाही, पिशव्या. भिया, इंदूरमध्ये पिशवीला पण जात-पात असते हे कोणाला सांगू. आईकडे एक गठ्ठा आहे, त्यात वर शीतलामाता बाजारातल्या भारी साडीच्या दुकानांच्या पिशव्या, जाड कागदाच्या, दोरीच्या कडीवाल्या. त्या लग्नाला न्यायच्या. मग त्याखाली मिठाईच्या दुकानांच्या, त्या वाढदिवसाला. एकदम खाली नुसत्या, त्यात शेजारी कढीपत्ता देतात. गिफ्ट कुठूनही घेतलेलं असो, जाणार वरच्या पिशवीत. एकदा माझ्या मित्राच्या बायकोला साडी आवडली नाही, ती बिचारी पिशवीवरचं नाव वाचून त्या दुकानात बदलायला गेली. पुढचं विचारू नका.

खजुरीवाला

आमचं खजुरी बाजारात स्टेशनरीचं दुकान आहे, आजोबांनी टाकलेलं, आता भाऊ बघतो, मी रविवारी जाऊन बसतो. तेव्हा दुसऱ्या बाजूचं सांगतो, म्हणजे बांधणाऱ्याच्या.

माझ्या लहानपणी दुकानात गिफ्ट पेपर असा प्रकार थोडाच असायचा, घोटीव कागद आणि जिलेटिन, बस. आजोबा चिकटवायला खळ वापरायचे, मैद्याची, त्यात मोरचूद टाकून ठेवलेली म्हणजे झुरळं लागत नाहीत. खळीने चिकटवलेला कागद परत वापरणं विसरा, तो फाटूनच निघतो. म्हणजे माझं असं मत आहे की हा सगळा जपून ठेवायचा उद्योग सेलोटेपनंतरचा आहे. पारदर्शक टेप अमेरिकेत १९३० मध्ये आली, थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू नावाच्या माणसाने केली, आपल्या गल्लीपर्यंत यायला पुष्कळ वर्षं लागली. आणि तेव्हा ती महाग, आजोबा बोटभर तुकडा तोडायचे आणि गिऱ्हाइकाने "और लगाओ" म्हटलं की चष्म्यावरून बघायचे.

अजून एक गंमत. आज जो नक्षीचा गिफ्ट पेपर आहे त्याची सुरुवातच तडजोडीतून झाली. १९१७ मध्ये कॅन्सस सिटीत हॉल बंधूंच्या दुकानात (म्हणजे पुढचं हॉलमार्क, ग्रीटिंगवाले) नाताळच्या गर्दीत साधे टिश्यू कागद संपले. मग त्यांनी फ्रान्सहून आणलेले, लिफाफ्यांच्या आत अस्तर म्हणून लावायचे नक्षीदार कागद काढून दहा सेंटला एक असे विकायला ठेवले. ते हातोहात गेले. म्हणजे जो पहिला खपला तोच दुसऱ्या कामाचा कागद होता, आता तुम्ही त्याला तिसऱ्या-चौथ्या कामाला लावलंत तर त्याने रागावू नये.

आता टिप. टेपचं एक टोक पाव इंच आत दुमडून लावा, छोटा कान राहतो, तो धरून ओढला की टेप अख्खी निघते, कागद शाबूत. आणि दुमडताना कागद दोन बोटं जास्त ठेवा, म्हणजे पुढच्या वेळेस कडा कापून टाकता येतात. मी गिऱ्हाइकाला न विचारता असंच बांधतो. कोणाच्या तरी सासूबाई दुवा देत असतील.

रामबागवाली

@खजुरीवाला, सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "ह्या मुलाला विचार, मग तो सगळीकडून टेप का लावतो, तीन ठिकाणी पुरते." मी म्हटलं, तो तुमच्या बाजूचाच आहे हो.

नव्वदीचं पोर

आमच्याकडे कागदाची मागची बाजू पण सोडायचे नाहीत. पांढरी असते ना आतून, त्यावर आई दुधाचा हिशोब लिहायची पेन्सिलीने. तारीख, लिटर, नागा. आम्ही तेव्हा लोकमान्य नगरात राहायचो, मी चौथीत, वर्गातल्या मित्राचा वाढदिवस आला, आईने घाईत गादीखालून कागद काढला, कंपासपेटी गुंडाळली, मी नाचत गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मित्राची आई दारात. हातात तोच कागद, घडी घालून. माझ्या आईचा चेहरा असा पडला की मी पलंगाखाली जाऊन बसलो. आणि त्या काकू म्हणाल्या काय, "वहिनी, तुम्हाला हा १३ रुपये लिटर लावतो? आम्हाला १४ लावून राहिलाय!" दूधवाला एकच होता. मग दोघी मिळून सकाळी साडेसहाला गेटवर त्याची वाट बघत उभ्या राहिल्या, तो कागद पुरावा म्हणून घेऊन. महिन्याभरात अख्ख्या गल्लीचा भाव १३ झाला, आणि त्या काकूंची आणि आईची पंचवीस वर्षं झाली मैत्री चालू आहे.

आणि चमकीच्या पन्न्यांचं सांगायचं राहिलं. त्या वेगळ्या ठेवायच्या, संजासाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इकडे माळव्यात पितृपक्षात पोरी भिंतीवर शेणाने रोज वेगळी आकृती काढतात, फुलांच्या पाकळ्या लावतात, संध्याकाळी गाणी म्हणतात. आम्ही मराठी असलो तरी गल्लीत असल्यामुळे माझी बहीण पण काढायची. शेवटी मोठा किलाकोट, म्हणजे किल्ल्याची आकृती करायची, त्याला फुलं पुरत नाहीत, मग ह्या पन्न्या. वर्षभराचे वाढदिवस त्या भिंतीवर लागायचे. बहीण अजून दाखवायची, ही लाल तुझ्या बॅटची, ही सोनेरी मामाने आणलेल्या घड्याळाची.

लष्करची लेक

माहेर ग्वाल्हेर, लष्करमध्ये, सासर इंदूर. आमच्या वाड्यात गिफ्ट पेपर हा विषयच नव्हता, आमच्याकडे ताट आणि त्यावर रुमाल. दिवाळीचा फराळ असो, हळदीकुंकवाचं वाण असो की कोणाला मुलगा झाल्याचे पेढे, ताट झाकून जायचं. आणि तो रुमाल क्रोशाचा, घरच्या बाईच्या हातचा, म्हणजे ताट कोणाकडून आलं हे उघडायच्या आधीच कळायचं. मग ते ताट तसंच रिकामं परत करायचं नाही, काहीच नसलं तर साखरेची चिमूट तरी ठेवायची, आणि रुमाल धुऊन, इस्त्री करून. याच्यात वापरलेला-नवा असा प्रश्नच कोणाच्या डोक्यात यायचा नाही, उलट रुमाल जितका जुना तितकं घर जुनं.

भांडणं मात्र व्हायची, ती वेगळ्या कारणाने. आजीचा एक रुमाल होता, कडेला छोटे छोटे मोर विणलेले, तो एका दिवाळीत समोरच्या वाड्यात गेला आणि ताट परत आलं, अनारसे परत आले, रुमाल नाही. आजीने चार दिवस वाट पाहिली. मग मला पाठवलं, "जा, विचार, राहिला असेल." त्या म्हणाल्या, आम्ही तर पाठवला. आजी म्हणाली, बरं. त्यानंतर दोन वर्षं त्या दोघी देवळात शेजारी बसून एकमेकींशी बोलल्या नाहीत. आम्हा मुलांची ये-जा चालू, पुरुषांचं बोलणं चालू, फक्त ह्या दोघी. संक्रांतीला तिळगूळ पण आमच्या हाताने पाठवायच्या. काय झालं त्या रुमालाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझा संशय आमच्याच बकरीवर आहे.

ओसाकाहून

लष्करची लेक ताई, तुमचं वाचून हसू आलं कारण माझ्याबरोबर बरोबर उलटं झालं. मी मूळची इंदूरची, टिळक नगर, आता सहा वर्षं जपानमध्ये. इथे फुरोशिकी म्हणून चौकोनी कापड असतं, साधारण ७० सेंटिमीटरचं जास्त चालतं, त्यात वस्तू ठेवून वर गाठ मारतात. आल्यावर पहिल्याच वर्षी ऑफिसमधल्या एक वयस्कर बाई घरी आल्या, हातात असं सुंदर निळं गाठोडं. दारात उभं राहून त्यांनी ते सोडलं, आतला डबा दोन्ही हातांनी मला दिला, मी म्हटलं वा, आणि कापडासाठी पण हात पुढे केला. त्यांनी कापड शांतपणे घडी घातलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. माझा हात तसाच.

नंतर कळलं की जुनी रीत तीच आहे, कापड देणाऱ्याचं, ते फक्त वस्तूला वाटेत धूळ लागू नये म्हणून. हल्ली कापडासकट पण देतात, पण मग तसं सांगून देतात. इथे दुकानात पॅकिंग इतकं करतात की एका बिस्किटाला तीन कागद, त्यामुळे मला हे कापडवालं जास्त बरं वाटलं. आईला फोनवर फार उत्साहाने सांगितलं, जपानी लोक किती विचारी वगैरे. आई म्हणाली, "बोचकंच ना? मग त्यात काय. धोब्याकडे जाऊन राहिलं की तेच."

सुदामानगरकर

मी जरा वेगळं सांगते, फेकण्याचं. ज्यांना वाटतं ना की कागदच तर आहे, टाकला तरी रिसायकल होईल, त्यांच्यासाठी.

मुलाच्या वाढदिवसानंतर सकाळी कचऱ्याची गाडी आली, गाणं वाजवत, तुम्हा इंदूरवाल्यांना झोपेत पण पाठ असेल. आपल्याकडे सहा वेगळे भाग, ओला, सुका, प्लॅस्टिक, सॅनिटरी, घरातला धोकादायक आणि ई-वेस्ट. मी मोठ्या तोऱ्यात गिफ्ट पेपरची पिशवी सुक्यात, कागद म्हणून. गाडीवरच्या मुलाने एक ताव काढला, मुठीत चुरगाळला आणि हात उघडला. कागद हळूहळू परत उलगडला, जसं फूल. म्हणाला, "देखो आंटी, खुल गया. ये कागज नहीं है, पन्नी है." दुसरा काढला, चुरगाळला, तो गोळाच राहिला. "ये कागज है." आणि मग तिसरा काढला, चमकीवाला, चुरगाळला तर त्याच्या हातालाच सगळी चमकी लागली, तो म्हणाला, "ये तो किसी काम का नहीं." गल्लीतल्या चार बायका बघत होत्या. जे शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, २०२५ च्या जुलैत आठव्यांदा आलं, तिथे राहून मला हे शिकवावं लागलं, लाज वाटली खरं.

तेव्हापासून दुकानातच चुरगाळून बघते. दुकानदार ओरडतात. पण जो गोळा होऊन राहतो तोच घेते. आणि मिठाईच्या डब्याभोवतीची ती पारदर्शक फिल्म असते ना, ती तर १ जुलै २०२२ पासून बंदच आहे देशभर, लग्नपत्रिकेवरची पण आणि सजावटीचं थर्माकोल पण, तरी सर्रास दिसते.

तर माझा मुद्दा, पन्नीवाला, म्हणजे प्लॅस्टिकचा कागद आलाच घरात तर तो दहा वेळा वापरा, कारण त्याला जायला दुसरी जागा नाही. पाहुणा काय म्हणेल ते म्हणेल.

मांडवीकर

बडोद्याहून. कागदाचं सोडा, पाकिटांचं बोला. आमच्याकडे लग्नात चांदल्याची, म्हणजे रोख अहेराची पाकिटं येतात, वर एक रुपया चिकटवलेला, १०१, ५०१ चा हिशोब बरोबर व्हायला. आमचे आजोबा लग्न झालं की सगळी पाकिटं घेऊन बसायचे, ज्यांवर नाव पेन्सिलीने असेल ती खोडरबराने साफ, ज्यांवर पेनने असेल ती चारी बाजूंनी सोडवून उलटी करून परत चिकटवायची, आतली बाजू बाहेर. साध्या टपालाच्या पाकिटांचं पण तेच, सरकारी नोकरीतली सवय. उलट्या पाकिटाला ते "कलम केलेलं" म्हणायचे.

तर झालं असं की एकदा एक पाकीट उलटं करायचं राहिलं, घाईत गणपती-स्टिकर लावून नाव झाकलं आणि आम्ही ते रावपुऱ्यात एका लग्नात दिलं. स्टिकर पडला. तिकडे अहेर लिहायला जो मुलगा बसला होता त्याने पाकिटावर जे नाव दिसलं तेच वहीत लिहिलं, म्हणजे ज्या काकांनी आम्हाला आधीच्या लग्नात दिलं होतं त्यांचं. पुढच्या वर्षी आमच्या बहिणीचं लग्न, त्या रावपुऱ्यावाल्यांकडून आम्हाला काहीच नाही. आणि त्या काकांकडे कार्य होतं तर त्यांना ५०१ आले, ओळखपाळख नसताना! काका दोन दिवस विचार करत होते, हे कोण. आजोबांनी स्वतः जाऊन दोन्हीकडे उलगडा केला, माफी मागितली, आणि काकांकडून ५०१ घेऊन आले, त्याच पाकिटात. रुपया मात्र तोपर्यंत कोणीतरी काढून घेतला होता.

बिनाटेप

मी वाचूनच जाणार होतो पण लिहितो. सगळ्यांचे किस्से गमतीचे आहेत, आमच्याकडे तो काळ गमतीचा नव्हता. बाबा कापड मिलमध्ये होते, मिल बंद पडली तेव्हा मी दुसरीत. त्यानंतर वाढदिवसाला जायचं म्हणजे आई आदल्या दिवशी गप्प व्हायची. गिफ्ट म्हणजे पेन नाहीतर रुमाल, आणि कागद जो असेल तो. एकदा मालकांच्या, म्हणजे आम्ही भाड्याने राहायचो त्यांच्या मुलाच्या वाढदिवसाला, त्यांच्याच घरून कधीतरी प्रसादाच्या डब्याला आलेला कागद होता, आई विसरली होती. तो मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "ये तो हमारी वाली पन्नी है." मुलगाच तो, त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या आईने पटकन त्याला केक कापायला नेलं. माझी आई हसली पण. पण घरी आल्यावर तिने गादीखालचे सगळे कागद काढले आणि बंबात घातले. म्हणून मला हे "त्यात काय एवढं" जमत नाही. ज्याच्याकडे नवा आणायला पैसे आहेत त्याने जुना वापरला तर ती आवड, नाहीतर ती परिस्थिती, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं.

पुढे तिने काय केलं, ओळखीच्या टेलरकडून कातरणं आणायची, ब्लाऊजचे, परकराचे, आणि त्याच्या छोट्या थैल्या शिवायची, वर नाडी ओवून. गिफ्ट त्यात. टेप नाही, कागद नाही. दोन-तीन वाढदिवसांनंतर लोक विचारायला लागले, वहिनी, थैली कुठे मिळते. मग सुपारीच्या, दागिन्यांच्या, देवाच्या, रासभर शिवल्या तिने, त्यावर माझ्या आठवी-नववीच्या फिया निघाल्या. हल्ली तशाच थैल्या ऑनलाइन दीडशे-दोनशेला दिसतात, पर्यावरणपूरक म्हणून. आईला मोबाईलवर दाखवल्या. तिने चष्मा लावून, बोटांनी मोठं करून पाहिलं आणि म्हणाली, "शिवण कच्ची आहे."

रामबागवाली

@बिनाटेप, तुमचं वाचून थांबले थोडी. जावेच्या मनात हेच असणार, मी त्या बाजूने बघितलंच नव्हतं.

पोहेजलेबी

आईंना सांगा, दहा थैल्या माझ्या. पक्क्या शिवणीच्या.

आमची आत्या म्हणते

(आत्या सांगते आहे, मी टाइप करते.) हे बघा, पहिली गोष्ट, दिलेलं समोरच्यासमोर उघडायचंच नाही. आमच्या वेळेस गिफ्ट आलं की सरळ कपाटात, पाहुणा गेल्यावर उघडायचं, म्हणजे कोणाचं किती हे कोणाला दिसत नाही आणि कोणाचा चेहरा पडत नाही. आता सगळ्यांसमोर फाडतात आणि फोटो काढतात. दुसरी, परत वापरायचा तर कागदाच्या कोपऱ्यात मागून बारीक लिहून ठेवायचं कोणाकडून आला, मी अजून लिहिते, म्हणजे त्याच घरी जात नाही. तिसरी, सुतकाच्या घरातून आलेला, लग्नाच्या जोडप्याचं नाव छापलेला आणि दुकानाची चिठ्ठी लागलेला वापरायचा नाही. बाकी सगळा चालतो. चौथी होती, विसरले.

(आत्या आत गेली. खरी गोष्ट अशी की तिच्याकडे एक ब्लाऊजपीस आहे तो ओटीत तिच्याचकडे तिसऱ्यांदा आला आहे, कोपऱ्यात तिचंच बारीक अक्षर आहे, ते ती सांगणार नाही.)

पुण्याचं माहेर

मीच ती जाऊ. ताईंनी लिंक पाठवली तेव्हा आधी चिडले, मग बसून सगळं वाचलं.

एक तर मी भांडी आपटली नाहीत, प्रेशर कुकरचं झाकण होतं, ते तसंच लागतं. आणि मला जुन्या कागदाचं वावडं नाही, आमच्या आईकडे पण ढीग होता, आम्ही पुस्तकांना कव्हरं घालायचो, कपाटात अंथरायचो. पण घडी दिसते हो. कितीही इस्त्री करा, नव्या कागदाची घडी वस्तूच्या कडेवर असते, जुन्याला मधोमध एक जास्तीची असते. आणि ती सासूबाईंच्या नावावर जात नाही, माझ्या नावावर जाते. आई गेल्यापासून माहेर म्हणजे भाऊ-भावजय, तिच्याकडे मी पाच वर्षांत तीनदा गेलेय, तिला दिसणार इंदूरला दिलेल्या नणंदेने काय आणलं. तिथे मला ती मधली घडी नको होती. एवढंच.

शेवटी काय झालं ते ताईंना माहीत नाही, कारण मी सांगितलंच नाही. गाडीत बसायच्या आधी मी नवा कागद घेतला होता, पर्समध्ये होता. पुण्याला पोचल्यावर आतल्या खोलीत बसून बदलणार होते. उघडायला गेले तर मोरपंखी कागद इतका नीट बांधलेला, कोपरे बरोब्बर, तीनच ठिकाणी टेप, मधली घडी कुठे गेली तेच दिसेना. बघितलं तर सासूबाईंनी वस्तू अशी ठेवली होती की जुनी घडी बरोबर डब्याच्या कडेवर बसली होती. त्यांना माहीत होतं म्हणजे. मी तसाच दिला.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी गिफ्टं उघडायला बसलो. भाच्याने फाडायला हात घातला तर भावजय ओरडली, "अरे थांब, तो चांगलाय!" आणि आतून ब्लेड घेऊन आली.

रामबागवाली

हे तू मला चार दिवस सांगितलं नाहीस???

पुण्याचं माहेर

सासूबाईंना सांगू नका, पुढच्या वेळेस वरून लग्नाचा अहेर पण गादीखालचाच काढतील.

रामबागवाली

त्या शेजारी बसूनच ऐकताहेत. विचारताहेत, ब्लेड अर्धं होतं की अख्खं.

सुदामानगरकर

तो मोरपंखी मुळात कुठून आला होता? आणि चुरगाळून पाहिलाय का कोणी?

खजुरीवाला

मोरपंखी बहुतेक आमच्याकडचाच, मागच्या दिवाळीचा लॉट, कागद आहे, पन्नी नाही. आता संपला. जांभळा आहे, हवा असेल तर रविवारी या.